सागाच्या जाळलेल्या फळ्या बाहेरच्या भिंतीला टिकतील का? (किनवट भाग)

नमस्कार मंडळी,

किनवटजवळ सागाच्या जंगलाला लागून आमचं शेत आहे, तिथं दोन खोल्यांचं घर बांधतोय. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून जाळून काळ्या केलेल्या फळ्या लावायच्या आहेत. जपानमध्ये याला याकिसुगी म्हणतात. सुगी हे तिथलं सुचीपर्णी झाड. त्याच्या तीन फळ्या त्रिकोणी नळकांड्यासारख्या बांधून उभ्या करतात आणि खालून जाळ लावतात. चिमणीसारखी ओढ बसते, काही मिनिटांत आतली बाजू कोळपते, मग पाण्यानं विझवतात. तेरुनोबू फुजिमोरी या वास्तुकारानं २००७ साली नागानोत असं घर बांधलं. त्याचे फोटो पाहिल्यापासून दुसरं काही पटत नाही.

आमच्या आजोबांनाही यातलं थोडं ठाऊक होतं. कुंपणाची मेढ रोवताना ते तिचं बूड जाळावर फिरवून काळं करायचे, उदई लागू नये म्हणून.

अडचण लाकडाची आहे. परवानगी काढून तोडलेला घरचा साग आहे. त्याच्या पाऊण इंची तीन फळ्या गॅसच्या टॉर्चनं जाळून बघितल्या. सुगी हलकी आणि मऊ, साग घट्ट. कोळशाचा थर जेमतेम १ मिलिमीटर आला, तोही बोटाला लागतो. दोन फळ्यांना बाक आला. उरलेली भिंतीला टेकवून ठेवली होती, तर पहिल्याच पावसात जोत्यावर काळे ओघळ उतरले. आई तेव्हापासून म्हणते, जळकी भिंत दारात नको. तिचं मन मोडून मला हे करायचं नाही, म्हणून नीट जमणार असेल तरच पुढं जाईन.

सागावर कुणी केलंय का? सुतार म्हणतो, तारेच्या ब्रशनं सुटा कोळसा काढा आणि जवसाचं उकळलेलं तेल पाजा. (तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात, तेवढी काळजी घेतोय.) आपल्याकडच्या ४३-४४ अंशांत हे तेल किती उन्हाळे पुरतं? बाक येऊ नये म्हणून फळी दोन्ही बाजूंनी जाळावी का?

सगळ्यात मोठी धास्ती वणव्याची. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग एकदा आमच्या बांधापर्यंत आली होती. ओल जावी म्हणून फळ्यांमागे इंचभर फट ठेवायला सांगतात. पण ज्या ओढीनं जपानी लोक फळ्या जाळतात, तीच ओढ या फटीत बसली तर? फट वरखाली जाळीनं बंद केली तर भागेल, की त्या बाजूला लाकूडच नको?