कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा झपाट्याने वाढवायचाय, सल्ला हवा (बजेट ३ लाख, कर्ज नको)

कृष्णाकाठ | ९ जानेवारी २०२५, रात्री १०.४०
नमस्कार मंडळी. मी कराडची. सासूबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला दोन वर्षांपासून विकते. महिन्याला साधारण ७० किलो जातो, किलोला ६४० रुपये. गिऱ्हाईक ओळखीतलं, थोडं पुण्याचं, थोडं बेळगावचं, कुरिअरने पाठवते. मसाला भाजतो घरी आणि कांडायला गावातल्या डंकावर (मसाला कुटायच्या मुसळाच्या मशीनवर) नेतो. सीझनला तिथे रात्री एक-एक वाजेपर्यंत नंबर लागत नाही.
दिवाळीपर्यंत महिन्याला ३०० किलोवर जायचंय. साठवलेले ३ लाख आहेत. कर्ज काढायचं नाही, घरात तसं ठरलंय. मशीन घेऊ, जाहिरातीवर घालू की दुकान टाकू? पुण्यातल्या एका सुपरमार्केटने महिन्याला १०० किलो मागितलाय, ते वेगळंच.

प्रगतीपथ | रात्री ११.०२
अभिनंदन ताई! एवढा धंदा हातात असताना ३ लाखांत कशाला अडकता? मी १८ लाखांचा पूर्ण प्लांट टाकला. रोस्टर (भाजायचं मशीन), पल्व्हरायझर (दळायचं मशीन), ऑटोमॅटिक पॅकिंग. एकदाच करायचं ते मोठं करायचं. केंद्र सरकारच्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख.

सदाशिव३० | रात्री ११.१५
त्या म्हणाल्या कर्ज नको. ठळक अक्षरात.

प्रगतीपथ | रात्री ११.१८
अनुदान म्हणजे कर्ज नव्हे.

हिशोबनीस | १० जानेवारी, सकाळी ७.५०
पीएमएफएमईचं अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. बँकेने कर्ज मंजूर केल्यावरच मिळतं, आपला हिस्सा १० टक्के घालावा लागतो, आणि अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत वेगळं राहतं. तीन वर्षांनी खातं नीट चालू असेल तर कर्जात वळतं होतं. प्रगतीपथ, तुमची तीन वर्षं झाली का?

प्रगतीपथ | सकाळी ८.३०
दुसरं चालू आहे.

कागलकर | सकाळी ९.०५
वैनी, आदी ह्ये सांगा, मसाल्यात गरम मसाला घालतासा का न्हाई? कराडकडं धणं लई घालत्यात. आमच्याकडं संकेश्वरी मिरची तिखटाला आणि ब्याडगी रंगाला. खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, सगळं तेलात तळून. नाद करायचा न्हाई.

सदाशिव३० | सकाळी ९.२०
म्हणजे तो गोडा मसालाच झाला, तिखट.

कागलकर | सकाळी ९.२२
गोडा?? ह्यो शब्द कागलात बोलून बघा.

(यानंतरचे अकरा प्रतिसाद कांदा तळावा की उन्हात वाळवून मग भाजावा यावर होते. संपादकांनी 'पाककृती'त हलवले आहेत.)

पाऊचवाली | सकाळी ११.४०
मी चटण्या करते, अनुभवाचं सांगते. मसाल्यात तळलेलं खोबरं आहे, तेल सुटतं. साध्या प्लास्टिक पिशवीला महिन्याभरात तेल येतं, लेबल सुटतं आणि वर खवट वास. फॉइलचा थर असलेलं पाऊच घ्या, दोनदा सील मारा. माझा एका दिवाळीचा ४० किलो माल परत आला होता. पिशवीमागे दीड रुपया वाचवायला गेले होते.
लेबलवर काय काय छापता?

कृष्णाकाठ | दुपारी १.१०
नाव, फोन, वजन. फूड लायसन्स काढलंय, एजंटने ६००० घेतले.

हिशोबनीस | दुपारी १.३५
सहा हजार! वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नुसती नोंदणी लागते, फी वर्षाला १०० रुपये, आणि त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः करता येते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तर फुकट आहे, त्याला कुणाला एक रुपया देऊ नका.
पण तुमचं गणित बघा. आज ७० किलो म्हणजे वर्षाला साडेपाच लाखांच्या आत. ३०० किलो झाले की महिन्याला १,९२,०००, वर्षाला २३ लाखांवर. मग नोंदणी पुरत नाही, राज्याचा परवाना काढावा लागेल. लेबलवर घटक, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल, एमआरपी, तुमचा पत्ता आणि फूड लायसन्सचा तो १४ आकडी नंबर हवा.
दुसरं, बेळगावला पाठवता म्हणजे परराज्यात विक्री. ४० लाखांच्या आतल्या उलाढालीला जीएसटी नोंदणी नको ही सवलत मालाच्या आंतरराज्य विक्रीला नाही. नोंदणी आजच लागते.

कागलकर | दुपारी १.४१
बेळगाव परराज्य??

सीमेवरचा_पाटील | दुपारी १.४४
हिशोबनीस, शब्द मागे घ्या.

हिशोबनीस | दुपारी २.००
भावना समजू शकतो. जीएसटी पोर्टल समजत नाही.

नऊवारी_न्यूजर्सी | दुपारी २.२५
इकडे असा मसाला मिळत नाही हो. इन्स्टाग्रामवर रील टाका, माझ्या मैत्रिणीच्या लोणच्याला एका रीलवर ४०० ऑर्डरी आल्या. न्यू जर्सीला पाठवाल का? २ किलो.

पाऊचवाली | दुपारी २.४०
४०० ऑर्डरी आल्या तर कांडणार कोण? त्या रात्री एकपर्यंत रांगेत आहेत.

प्रगतीपथ | दुपारी ३.१०
म्हणूनच म्हणतोय पल्व्हरायझर घ्या. लिज्जतने ८० रुपयांवर सुरुवात केली, आज बघा कुठे आहेत.

सदाशिव३० | दुपारी ३.१४
८० रुपये उसने घेतले होते. तेही कर्जच. :)

मसालेबंधू | दुपारी ३.५०
लिज्जतचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावं. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी सुरुवात केली. पुढे व्याप वाढला तेव्हाही पीठ मध्यवर्ती जागी मळायचं आणि बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटून आणायचे, अशी पद्धत ठेवली. ताई, मिरचीचे देठ काढणं, लसूण सोलणं ही कामं गल्लीतल्या बायकांना किलोच्या दराने द्या. भाजणं मात्र सासूबाईंच्याच हाताखाली राहू दे, चव तिथे आहे.
पल्व्हरायझरचं म्हणाल तर कोरड्या मिरचीला ठीक. तळलेलं खोबरं-कांदा त्यात घातलात की जाळी तुंबते आणि मसाला तापतो. मी दोन जाळ्या फाडल्यात.

डंकवाला | सायंकाळी ६.१५
माझा डंक होता, बारा वर्षं चालवला. घेऊ नका. सीझन फेब्रुवारी ते मे, बाकीचे आठ महिने गंजतो. थ्री फेज कनेक्शन लागतं, शेजारी आवाजाची तक्रार करतात, मिरचीच्या खकाण्याने कामाला माणूस टिकत नाही. किलोला ४० रुपये कांडपात सुटतं काय? मी बंद केला, मोटरसकट तसाच पडून आहे.

पाऊचवाली | सायंकाळी ६.४०
सहमत. डंक नकोच. मशीनच नको.

रील_राणी | सायंकाळी ७.००
मशीन नको. जाहिरात करा. मी ५०,००० घातले, फॉलोअर १२,००० झाले.

सदाशिव३० | सायंकाळी ७.०३
विक्री?

रील_राणी | सायंकाळी ७.०५
ब्रँड आधी बनतो.

उधारीत_बुडालेला | रात्री ९.३०
इतका वेळ नुसता वाचत होतो. त्या सुपरमार्केटबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.
माझे पापड एका मोठ्या दुकानसाखळीत जायचे. ऑर्डर बघून घरात पेढे वाटले. मार्जिन ३५ टक्के त्यांचं, पैसे ९० दिवसांनी, न खपलेला माल परत. ताईंचा हिशोब लावतो. ६४० मधून ३५ टक्के गेले, उरले ४१६. महिन्याला १०० किलो आणि ९० दिवस उधारी म्हणजे कायम ३०० किलोचे पैसे त्यांच्याकडे. जवळजवळ सव्वा लाख. आणि दर महिन्याला मिरची, तेल, खोबरं तुम्ही रोखीने आणणार. माझी विक्री तिप्पट झाली त्याच वर्षी बायकोचे पाटल्या-बिलवर गहाण पडले. विक्री वाढत होती आणि रोज सकाळी तेल आणायला पैसे नव्हते.

हिशोबनीस | रात्री ९.५५
उद्यम नोंदणी असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) मुळे, २०२३-२४ या वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारही करता येते.

उधारीत_बुडालेला | रात्री १०.०१
तक्रार केली. पैसे आले, व्याजासकट नाही पण आले. ऑर्डर त्यानंतर कधीच आली नाही.

मसालेबंधू | रात्री १०.३०
बरोबर. आणि मिरचीचं गणित कुणी केलंच नाही. ताई, एक किलो मिरचीचा साधारण किती मसाला होतो?

कृष्णाकाठ | रात्री १०.४२
दोन किलोच्या आसपास.

मसालेबंधू | रात्री १०.५८
म्हणजे महिन्याला ३०० किलोसाठी वर्षाला १८०० किलो मिरची. ती सीझनलाच घ्यायची, पावसाळ्यानंतर दर चढतो आणि मालही दमट, काळपट येतो. सरासरी २५० धरली तर नुसत्या मिरचीत साडेचार लाख. तुमचे ३ लाख तिथेच संपले, मशीन राहिलं बाजूला. यंदा १५० किलोचं लक्ष्य ठेवा, ३ लाखांची मिरची आणि खोबरं घ्या, बाकी कशाला हात लावू नका.

प्रगतीपथ | रात्री ११.१०
१५० किलोने काय होणार? मोठा विचार करा.

नऊवारी_न्यूजर्सी | ११ जानेवारी, पहाटे ४.३०
पार्सलचं काय झालं?

कृष्णाकाठ | १९ जानेवारी, रात्री ९.२०
सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांचा कागलकरांना निरोप आहे की धणे घालावेच लागतात.
सुपरमार्केटला नाही कळवलं. लेबल नवीन छापायला दिलंय, फॉइलचं पाऊच ठरवलं, जीएसटीचे कागद हिशोबनीसांनी सांगितल्याप्रमाणे जमवतेय. लसूण सोलायला शेजारच्या तिघी तयार आहेत.
आणि डंक घेतला. डंकवाल्यांचाच, मोटरसकट १,४०,००० ला. सगळे नको म्हणालात, माहीत आहे. पण मागच्या एप्रिलला मी त्या रांगेत बसून माणसं मोजली होती, एका रात्रीत ६२ जणी, प्रत्येकीजवळ पाच-सात किलो, पैसे रोख. आणि प्रत्येकीला मसाला कुणाचा चांगला होतो हे विचारायची सवय असते. गावाबाहेर दिराचा गाळा आहे, तिथे आवाजाला कुणी हरकत घेणार नाही आणि थ्री फेज आधीपासून आहे. उरलेल्यातून जमेल तेवढी मिरची घेईन. १५० की ३००, सीझननंतर बघू.

डंकवाला | रात्री ९.४१
मी घेऊ नका असं लिहिलं होतं, नोंद असावी. मुसळाचे लोखंडी बूट बदलून घ्या, झिजलेत. पैसे मिळाले.

कागलकर | रात्री ९.५०
धणं घालू नका वैनी.