मदत हवी आहे: इंग्रजी 'वर्ल्ड'मधला 'वेर' आणि आपला 'वीर'

मंडळी, जुन्या जर्मॅनिक भाषांचा (इंग्रजी, जर्मन, डच ज्या कुळातल्या, त्या) अभ्यास असलेलं कोणी आहे का इथे?

लेकीने शाळेत जर्मन घेतलंय. परवा वही घेऊन आली, 'वेल्ट' म्हणजे जग, आणि विचारते बाबा, इंग्रजीत 'वर्ल्ड', डचमधे 'वेरेल्ड', मग जर्मनवाल्यांनीच 'र' कुठे घालवला? मी कोश उघडला तो चार दिवस त्यातच अडकलोय.

'वर्ल्ड' चक्क जोडशब्द निघाला. जुन्या इंग्रजीत 'वेओरोल्ड', त्यातला 'वेर' म्हणजे पुरुष, माणूस, आणि पुढचा तुकडा 'ओल्ड'च्या नात्यातला, अर्थ वय किंवा काळ. म्हणजे जग ही जागा नव्हेच, माणसाची हयात! आपलं जगत् म्हणजे चालणारं, संसार म्हणजे सरकत राहणारं, आणि यांचं असं, मला हे फार भारी वाटलं. जर्मनमधे आधी 'वेराल्ट', मग 'वेर्ल्ट', मग 'वेल्ट', असा तो 'र' गळला, तेवढं लेकीला सांगून झालं. सुटा 'वेर' इंग्रजीतून गेला, पण 'वेअरवुल्फ'मधे राहिलाय, माणूस-लांडगा. आणि लॅटिन 'विर', आयरिश 'फेर' आणि आपला 'वीर' ही त्याचीच भावंडं.

आता अडलंय ते असं. संस्कृतात 'वी' दीर्घ, लॅटिनमधे ऱ्हस्व आणि जर्मॅनिकमधे थेट 'ए', हे कोणत्या नियमाने होतं?

दुसरं जास्त छळतंय. वुल्फिला या बिशपने चौथ्या शतकात गॉथिकमधे, म्हणजे गॉथ लोकांच्या आता लोपलेल्या जर्मॅनिक भाषेत, बायबल आणलं, त्यात जगाला 'मानासेथ्स' म्हटलंय, म्हणजे माणसांचं बीज. गॉथिकमधे पुरुष या अर्थी 'वेर' आहे, काळ या अर्थी 'आल्ड्स' पण आहे, दोन्ही तुकडे हाताशी असून जोडशब्द मात्र सापडत नाही. इकडे इंग्रजी, जर्मन, डच, नॉर्स (जुनी स्कँडिनेव्हियन) सगळ्यांकडे तो आहे. मग हा शब्द गॉथ लोक वेगळे झाल्यावर इतरांनी घडवला, की लॅटिन 'सेकुलुम'साठी, ज्याचा अर्थ पिढी, युग आणि पुढे ऐहिक जग असा झाला, मिशनऱ्यांनी जुळवला? माझा कल तो मिशनऱ्यांच्या आधीपासूनचा असण्याकडे आहे, कारण मुद्दाम भाषांतरासाठी घडवलेला शब्द एवढ्या भाषांत इतका मुरेल असं वाटत नाही, पण पुरावा कसा शोधायचा ते सांगा.

जमलं तर दीर्घ 'वी'चं आधी सांगा, लेक त्यावर अडून बसलीय.