एका धुनेवर उभा राहिलेला अल्बम? ‘द फायनल काउंटडाउन’

दांडियाबाजारकर:
परवा माळा आवरताना ‘युरोप’ या स्वीडिश बँडची १९८६ची ही कॅसेट सापडली. लावली, तर ए बाजूची सुरुवातीची टेप इतकी ताणलेली की कीबोर्डची ती प्रसिद्ध धून पाण्यात बुडाल्यासारखी डुलते. बी बाजू मात्र खणखणीत. आमच्या घरात ती कुणी लावलीच नव्हती! म्हणून ठामपणे म्हणतो, दहा गाण्यांतलं एक, ते शीर्षकगीत, खरं, बाकी नऊ भरतीची. धूनसुद्धा जुनीच, बँडचा गायक जोई टेम्पेस्टनं ती काही वर्षं आधी कॉर्ग पॉलिसिक्स या सिंथेसायझरवर बसवली होती. तिच्यासाठी गिटारचा बळी गेला. गिटारवादक जॉन नोरम १९८६मध्येच बँड सोडून गेला, कारण कीबोर्डखाली गिटार दबते हे त्याला सहन होईना.

सूरसागर_काठ:
काका, नाही पटलं. बी बाजू तुम्ही लावली नाहीत, यात त्या गाण्यांचा काय दोष? आणि ए बाजूवरचं ‘रॉक द नाइट’ १९८५मध्येच सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून येऊन गेलं होतं, ते भरतीचं कसं? ‘कॅरी’ तर अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि तुमचं लाडकं शीर्षकगीत तिथे आठव्यावर थांबलं. ब्रिटनमध्ये ते पहिलं आलं, हे मान्य. पण मुळात ते मैफलीची सुरुवात दणक्यात व्हावी म्हणून बांधलेलं. मी इथल्या, बडोद्याच्या म्युझिक कॉलेजात ख्याल शिकले. मुखडा पुन्हा पुन्हा येतो, लोकांच्या तोंडी बसतो, म्हणून अंतरा भरतीचा ठरत नाही.

मांडवीचा_गिटारवाला:
ताईंच्या बाजूने, पण नोरमबद्दल काकांचं बरोबर आहे. शीर्षकगीतातला त्याचा गिटार सोलो बसवायला मला अख्खा उन्हाळा लागला. सुरुवातीच्या धुनेत गिटार शोधावी लागते, सोलोत मात्र ती एकदम अंगावर येते. इतका वाजवणारा माणूस दुखावून जातो, तेव्हा मिक्सिंगमध्ये काहीतरी नक्की चुकलंय. केविन एल्सननं निर्मिती चकचकीत केली, पण गिटारला जागा कमी ठेवली. माझी तक्रार तेवढीच, गाण्यांबद्दल नाही.

दांडियाबाजारकर:
काल रात्री बी बाजू सलग ऐकली. ‘चेरोकी’ दोनदा. ‘कॅरी’चं माहीत नव्हतं, तेवढे शब्द मागे घेतो. ‘टाइम हॅज कम’ ऐकताना तर वाईट वाटलं, इतकी वर्षं हे माळ्यावर पडून होतं. पण ताई, ‘लव्ह चेसर’ अजूनही भरतीचंच वाटतं. आणि अल्बमला नाव त्याच एका गाण्याचं, सुरुवातही त्याचीच. पुढची नऊ त्याच्या सावलीत जाणार हे बँडला कळायला हवं होतं. मुखड्याचं उदाहरण इथे लागू नाही. अंतरा त्याच बंदिशीचा असतो, ही नऊ वेगळी गाणी आहेत.

सूरसागर_काठ:
हा मुद्दा मात्र बिनतोड, काका. तरी ‘लव्ह चेसर’ हेडफोन लावून एकदा ऐकाच. मग भांडू.