मदत हवी आहे: आजीच्या माळेतल्या खऱ्या व्हेनिसच्या पुतळ्या कशा ओळखायच्या? मोडीत द्यायच्या का?

नमस्कार.

आमच्याकडे वाईच्या आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची, पुतळ्यांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, माळ आहे. चोवीस पुतळ्या आहेत. प्रत्येकीला डाक देऊन, म्हणजे झाळून, कडी लावली आहे आणि सगळ्या लाल रेशमात गाठवलेल्या आहेत. आई आता 78 वर्षांची आहे. आम्हा तीन भावंडांची वाटणी तिच्या डोळ्यांदेखत व्हावी असं तिच्या मनात आहे. चोवीस भागिले तीन, प्रत्येकी आठ, इतका सरळ हिशेब वाटला होता. गेल्या आठवड्यात माळ घेऊन सराफाकडे गेलो. तिथे सल्ला मिळाला की सगळ्या मोडीत द्या, डाकाची घट धरू, आणि येईल त्या सोन्याची तीन सारखी वेढणी करून घ्या. आईचा चेहरा उतरला. मी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

घरी आल्यावर सगळ्या पुतळ्या नीट बघितल्या. माळ लहानपणापासून पाहत आलेय, पण एकेक पुतळी उजेडात धरून बघायची वेळ कधी आलीच नव्हती. एका बाजूला एक माणूस उभा आहे, दुसरा त्याच्यासमोर गुडघे टेकून आहे आणि दोघांच्या मध्ये निशाणाची काठी आहे. आजी सांगायची, रामराया आणि समोर मारुती. मागच्या बाजूला लंबगोल चौकटीत ताऱ्यांमध्ये उभी असलेली एक आकृती. काही पुतळ्यांवर काठीलगत एकाखाली एक अशी डी, व्ही, एक्स ही रोमन अक्षरं स्पष्ट आहेत. एकीवर कडेने पी ए व्ही एल आणि पुढे आर ए आय एन ई आर असं वाचता आलं. काहींवर मात्र अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आहेत.

ओळखीच्या एका पेढीवर कॅरेट मशीनवर तपासून घेतल्या. वजनं कडीसकट आहेत. पंधरा पुतळ्या 3.68 ते 3.78 ग्रॅम, टंच (शंभरात शुद्ध सोनं किती) 98 ते 99. सात पुतळ्या 3.4 ते 3.6 ग्रॅम, टंच 91 ते 94, आणि रेघारेघांच्या त्या ह्याच. उरलेल्या दोन जेमतेम 3.05 ग्रॅमच्या, टंच 84.

म्हणजे आठ-आठ वाटल्या तरी वाटणी सारखी होत नाही, हे कळलं. आता माझे प्रश्न. पंधरा पुतळ्या खरोखर व्हेनिसच्या टाकसाळीतल्या आहेत असं धरू का? त्यांना सोन्यापेक्षा जास्त किंमत येते का, की कडी लावल्यामुळे ती गेली? सात पुतळ्या खोट्या आहेत का, म्हणजे आजीला कोणी फसवलं होतं का? आणि धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, ती स्वतःचा वाटा सोबत नेणार म्हणते आहे, ते चालेल का? फोटो जोडले आहेत.

प्रतिसाद (काका):

ताई, आधी एक विनंती. माळ मोडीत देऊ नका आणि उजाळाही देऊ नका. उजाळा दिला की वरचा थर जातो, तोच थर बघून नाण्याची पारख होते. कुंकू-तेल बसलं असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या, घासू नका. मी तीस-बत्तीस वर्षं नाणी जमवतो आहे. उजाळलेल्या पुतळ्या बघितल्या की जीव तुटतो.

फोटोवरून जे दिसतं ते सांगतो. ही व्हेनिसच्या डुकाट ह्या सोन्याच्या नाण्याची घडण आहे. उभी आकृती संत मार्कची, गुडघे टेकलेला तो त्या वेळचा दोजे, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख. डी-व्ही-एक्स हे 'डक्स', त्याचं पद. त्याचं नाव त्याच्या पाठीमागच्या कडेला येतं. तुम्ही वाचलेलं नाव पावलो रेनिएरचं, तो 1779 ते 1789 दोजे होता. मागची आकृती ख्रिस्ताची. तिच्याभोवतीच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा की हे ख्रिस्ता, तू ज्यावर राज्य करतोस ते हे राज्य तुला अर्पण असो. त्या ओळीतला शेवटचा शब्द 'डुकाट' असाच आहे. हे नाणं 1284 मध्ये सुरू झालं आणि 1797 मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत त्याची घडण, साडेतीन ग्रॅमचं वजन आणि जवळजवळ शुद्ध सोनं, यात फारसा फरक पडला नाही. मिरी-मसाले आणि कापड घ्यायचं तर युरोपच्या व्यापाऱ्याला सोनं-चांदीच मोजावी लागे. इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने हे नाणं सुरत-मलबारपर्यंत आलं, आणि टंच बदलत नाही म्हणून इथल्या सराफांनी त्यावर विश्वास टाकला. पेशवाईतल्या हिशेबांत पुतळ्या चलन म्हणून भेटतात. माळेतही त्या आल्या, आणि तुमच्या आजींनी त्यात राम पाहिला. वेगळा देव दिसला म्हणून नाण्याचं काही उणं झालं नाही.

आता त्या सात. आजींना कोणी फसवलं असं मला वाटत नाही. पुतळीला इतकी मागणी होती की इथल्याच सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. ठसा कोरणाऱ्याला रोमन अक्षरं येत नव्हती, म्हणून रेघा झाल्या. लोक त्या दागिना म्हणून घेत आणि सोन्याच्या तोलावर घेत. अशा देशी पुतळ्या जमवणारेही आहेत. त्यांना 'खोट्या' म्हणू नका, 'देशी' म्हणा.

पंधरांबद्दल मात्र सावकाश. अक्षरं बिघडलेली असली तर नाणं व्हेनिसचं नाही, हे नक्की. पण अक्षरं चांगली आहेत म्हणजे नाणं व्हेनिसचंच, असं नाही. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेली नक्कल अक्षरांसकट येते. आणि कॅरेट मशीन फक्त वरच्या पापुद्र्याचं सोनं वाचतं, आतलं नाही. शिवाय मशीनचा ठिपका डाकाजवळ पडला तर टंच कमी दाखवतो. तपासणी कडीपासून लांब, नाण्याच्या मध्यावर, दोन्ही बाजूंनी करायला सांगा.

घरी करण्यासारखं एक आहे. पाण्याचं वजन. शुद्ध सोन्याची घनता 19.3, चांदीची 10.5, तांब्याची 9 च्या आसपास. एकच पुतळी बुडवली तर जेमतेम 0.19 ग्रॅम पाणी सरकतं, साध्या काट्याची चूकच त्यात मोठी होते. म्हणून पाण्याचं भांडं काट्यावर ठेवा आणि पंधरांपैकी दहा एकत्र दोऱ्याने पाण्यात अधांतरी लोंबकळवा, भांड्याच्या तळाला लागू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. 37 ग्रॅम असतील तर काटा दोन ग्रॅमच्या किंचित खाली वाढायला हवा. तीन ग्रॅम वाढला तर आत काहीतरी हलकं आहे. कड्या हलक्या सोन्याच्या असतात, म्हणून थोडा फरक चालेल. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असते, त्यामुळे आजकाल बनवलेल्या नाण्यांत ही परीक्षा पुरेशी नाही. जुन्या गाठवलेल्या माळेत ती भीती जवळजवळ नाही.

आणि मुख्य काम भिंगाचं. दहापट भिंग घ्या. एकाच दोजेच्या नावाची नाणी शेजारी-शेजारी ठेवा आणि खोचा-ओरखडे जुळतात का बघा. ठसा मारलेल्या दोन नाण्यांना वापरातले ओरखडे वेगवेगळे पडतात. दोन नाण्यांना एकाच जागी एकच खोच असेल तर ती साच्यातून आली.

प्रतिसाद:

न्यू जर्सीच्या बहिणीला वेळेत सांगा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ती देशाबाहेर खाजगी माणसाला नेता येत नाही, स्वतःच्या घरातली असली तरी. गळ्यात घातली म्हणून चालतं असं लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. विमानतळावर पकडलं तर दागिना जप्त होतो आणि खटला मागे लागतो. घरात ठेवायला मात्र काही अडचण नाही. विकायची वेळ आली तर पुरावस्तूंचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे किंवा लिलावसंस्थेकडेच जा, आणि पैसे खात्यातच घ्या.

मूळ प्रश्न विचारणारी:

काका, खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आईच्या समोरच बसून सगळं केलं.

पाण्यात दहा पुतळ्या 37.2 ग्रॅमच्या होत्या, काटा 1.96 ने वाढला. म्हणजे घनता 19 च्या जवळ आली. तिथपर्यंत बरं वाटलं.

मग भिंग. पंधरांपैकी चारांवर रेनिएर, सहांवर लुदोविको मानिन ह्या दुसऱ्या दोजेचं नाव, बाकी पाचांची नावं झिजली आहेत. मानिनच्या सहा ओळीने लावल्या. तिसरीत गुडघे टेकलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली तांदळाच्या कणीएवढी खोच आहे, तिरकी, एका टोकाला रुंद. पाचवीतही तीच. सहावीतही. जागा तीच, तिरकस तितकीच, रुंद टोकही त्याच बाजूला. फक्त तिसरीत तिची कड धारदार आहे, बाकी दोघींत ती लोण्यातून बोट फिरवल्यासारखी मऊ झाली आहे. त्या दोघींचा पृष्ठभाग भिंगाखाली रवाळ दिसतो, आणि कागदावर पेन्सिलीने कड गिरवून पाहिली तर त्या तिसरीपेक्षा अगदी किंचित लहान आहेत.

आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "सासूबाईंच्या दोन पुतळ्या लग्नघरात हरवल्या होत्या, त्या मामंजींनी सोनाराकडून करून घेतल्या असं बोलणं होतं." हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे हरवलेल्यांच्या जागी तिसरीचाच साचा घेऊन त्या ओतून घेतल्या असाव्यात.

आता दोनच शंका. कड्या काढून घेतल्या तर किंमत वाढेल का? आणि मानिनच्या ह्या दोघींचं काय धरायचं?

प्रतिसाद (काका):

ताई, तुम्ही फार नीट बघितलंत. लहान होण्याचं कारणही तेच. ओतलेलं सोनं थंड होताना आकसतं, म्हणून साच्यातली नक्कल मूळ नाण्यापेक्षा जराशी आखूड येते. ह्या दोघी सोन्याच्या भावाने धरा. तुमच्या घरासाठी त्यांचं मोल काय ते तुम्ही ठरवा.

कड्या मुळीच काढू नका. डाक उतरवला की खाली डाग, खड्डा, उष्णतेने बदललेला रंग राहतो. संग्राहक भिंगाने ते ओळखतो आणि कडीवाल्या नाण्याइतकाच कमी भाव देतो. न डाकलेल्या, न झिजलेल्या डुकाटला सोन्यावर चांगला अधिक भाव मिळतो. कडी लावलेल्या, गळ्यात वापरलेल्या पुतळीला अधिक मिळतो, पण थोडाच, आणि रेनिएर-मानिन ही नावं आपल्याकडे सर्रास सापडतात. दुर्मिळ म्हणून लाखांची स्वप्नं कोणी दाखवली तर ऐकू नका. झिजलेल्या पाचांमध्ये एखाद्या जुन्या दोजेचं नाव निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. त्या पाच एकदा जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, आधी फोन करून तिथे जा.

मूळ प्रश्न विचारणारी:

ठरलं काका. मोडीत काहीच द्यायचं नाही. सराफांना तसं कळवलं.

तेरा ठशाच्या, त्यातल्या चार-चार आम्हा तिघांना. दोन ओतीव, सात देशी आणि दोन हलक्या अशा अकरांचा हिशेब वजन गुणिले टंच असा केला आहे, जो फरक येईल तो पैशाने भरायचा. बहिणीचा वाटा इथेच माझ्या लॉकरमध्ये, तिच्या नावाची चिठ्ठी घालून. तिला कायद्याचं सांगितलं, तिने लगेच मान्य केलं. झिजलेल्या पाच पुढच्या महिन्यात अंजनेरीला दाखवून आणेन आणि निघेल ते इथे लिहीन.

तेरावी म्हणजे मानिनची ती तिसरी, गुडघ्याखाली खोच असलेली. ती आईने मागून घेतली. आज दुपारी तिने एकटीच ती काळ्या गोफात ओवून गळ्यात घातली आहे.