मदत हवी आहे : घाटातल्या पाच गाड्यांसाठी कोणते वॉकीटॉकी घ्यावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, पाच गाड्यांचा ग्रुप. पावसाळ्यात राधानगरी, गगनबावडा या बाजूच्या कच्च्या वाटांवर जातो. गेल्या जुलैत गगनबावड्याच्या अलीकडं असं धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. शेवटची गाडी चिखलात रुतली आणि आम्हाला पत्ताच नाही. फोनला रेंज नव्हती. पाऊण तासानं मागं वळून शोधत गेलो, तर मित्राची लहान मुलगी गाडीत रडून थकली होती. आता संपर्काशिवाय निघायचं नाही, हे पक्कं आहे.

एका दुकानदारानं पाच वॅटचे, वाटेल ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेट स्वस्तात दाखवले. ते नकोत. आपल्याकडं परवान्याशिवाय वापरायला 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झची पट्टी मोकळी आहे, आणि सेटला ईटीए, म्हणजे त्या नमुन्याच्या उपकरणाची सरकारी मान्यता लागते. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढायचा तर पाचही जणांना परीक्षा द्यावी लागेल, तेवढा वेळ आत्ता नाही.

अडचण रेंजची आहे. या पट्टीचे सेट अर्ध्या वॅटचे. खोक्यावर कितीही किलोमीटर छापलेले असोत, मधे डोंगराची सोंड आली की आवाज तुटणार. त्यात गाडीचा पत्रा. आम्हाला लांबचं बोलणं नकोच. लीड गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत अर्धा-पाऊण किलोमीटर, मधे दोन-तीन वळणं, एवढं भागलं तरी पुरे. पावसात काचा बंद ठेवून कुणी हे वापरलंय का? की मधल्या गाडीनं निरोप पुढं द्यायची सवयच लावावी?

दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. दगडावरून गाडी काढताना खाली उभा असलेला स्पॉटर ओरडतो, "डावीकडं घे, डावीकडं!", आणि इंजिनच्या आवाजात आत काही कळत नाही. तिथं शेजारी बसणाऱ्याच्या हातात सेट हवा. बोललं की आपोआप सुरू होणारी सोय अशा गोंगाटात त्रासच देईल असं वाटतं, म्हणून बटण हातमोज्यातूनही दाबता येईल एवढं मोठं हवं. पाण्यासाठी आयपी 67 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) बघतोय. चार्जिंग टाइप-सी असेल तर गाडीतच होईल.

कोल्हापुरात कुणाकडं असे मान्यताप्राप्त सेट असतील, तर एखाद्या रविवारी घाटात नेऊन तपासू. दोन गाड्या आम्ही आणतो. पाऊस लागायच्या आत पाच सेट घ्यायचे आहेत.