आरओ घ्यावा की यूव्ही पुरेल? (पुणे, कॉर्पोरेशनचं पाणी + उन्हाळ्यात टँकर)

ओंजळ
नमस्कार मंडळी. आम्ही धायरीत राहतो. सोसायटीला मार्चपर्यंत कॉर्पोरेशनचं पाणी पुरतं, पुढे पाऊस पडेपर्यंत टँकर. दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. घरात सासूबाई आणि दीड वर्षाचं बाळ. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली, तेव्हापासून मी पाणी उकळूनच देते. रोज दोनदा मोठं पातेलं उकळायचं, निववायचं, गाळायचं. आता पाणी शुद्ध करायचं मशीन घ्यायचं ठरवलंय.

मीटर आणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) मोजला. कॉर्पोरेशनचं ९०, टँकरचं ६४०. टँकर सुरू झाले की किटलीच्या तळाला पांढरे खवले धरतात. दुकानदार म्हणतो आरओशिवाय पर्याय नाही. शेजारच्या काकू म्हणतात आरओने पाण्यातलं सत्त्व जातं. काय घेऊ? आणि बसवल्यावर सांभाळायचं कसं?

पाणाडी
ताई, तो मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. ९० टीडीएसच्या पाण्यातही फुटलेल्या पाइपातून ड्रेनेज मिसळलेलं असू शकतं. साथीत भीती होती ती जंतूंची, आणि त्यासाठी यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) पुरतं. आरओ (मेम्ब्रेन नावाच्या अतिबारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणं) लागतो तो क्षारांसाठी.

भारतीय मानक (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानतं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. बारा महिने कॉर्पोरेशनचं पाणी असतं तर आरओ घेऊ नका असंच सांगितलं असतं. साध्या मशीनमध्ये लिटरभर पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओला बंदी करा, असं केंद्राला सांगितलं होतं.

६४० ची मला तेवढी काळजी नाही, त्या ६४० मध्ये काय आहे याची आहे. टँकर कुठल्या विहिरीवर किंवा बोअरवर भरतो ते सेक्रेटरींना विचारा. भोवती शेती किंवा शोषखड्डे असतील तर नायट्रेट असू शकतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि लहान बाळांना त्याचा त्रास जास्त. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. टँकरचं पाणी थेट टँकरच्या पाइपाखाली भरून द्या. रिपोर्ट येईपर्यंत मशीनचे पैसे देऊ नका.

पांढरकवडेकर
यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या बोअरचा टीडीएस ४८०, चवीला गोड. पण फ्लोराइड मर्यादेच्या वर निघालं. धाकट्या भावाच्या दातांवर तपकिरी पट्टे आले, ते आता आयुष्यभर राहणार. हे मीटरवर दिसत नाही, उकळून जात नाही, यूव्हीने जात नाही. म्हणून आरओ घेतला.

पुढचं नीट वाचा. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. तो उघडला की मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं. आमच्याकडच्या टेक्निशियनने ‘चव येईल’ म्हणून तो उघडून ठेवला आणि आम्ही सात महिने फ्लोराइडचं पाणी पीत राहिलो. कोणी सांगितलंच नाही. मशीन बसवताना तो स्क्रू कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

ओंजळ
दोघांचे खूप आभार. टँकर कुठे भरतो ते सेक्रेटरीकाकांनाही माहीत नव्हतं, टँकरवाल्याला विचारलं. उसाच्या शेताकडेची विहीर आहे. रिपोर्ट आला : नायट्रेट ६१. बाळाला हेच पाणी उकळून उकळून देत होते, त्या रात्री झोप लागली नाही.

पाणाडी
ताई, आजच डॉक्टरांच्या कानावर घाला आणि टँकर आहे तोवर बाळाला बाहेरचं सीलबंद पाणी द्या. आता आरओ + यूव्हीच घ्या. टँकरच्या दिवसांत तो स्क्रू पूर्ण बंद. पावसाळ्यात टाकीत निव्वळ कॉर्पोरेशनचं पाणी असलं की थोडा उघडा. यूव्हीचा दिवा मिसळण्याच्या जागेच्या पुढे हवा, नाहीतर मिसळलेलं पाणी जंतूंसकट येईल. हे विचारूनच मशीन निवडा.

सांभाळायचं म्हणाल तर बाहेरचा प्री-फिल्टर स्वतः बदलायला शिका. त्याच्या आतली पांढरी स्पन कँडल (गाळ धरणारी नळकांडी) टँकरच्या दिवसांत दोन महिन्यांत चहासारखी होते, एरवी चार-सहा महिने जाते. मशीनच्या आतले सेडिमेंट (गाळाचा) आणि कार्बन (कोळशाचा) फिल्टर वर्षाला बदलायचे. कार्बन लांबवू नका, क्लोरीन तोच अडवतो, आणि क्लोरीन पुढे गेलं की मेम्ब्रेन खराब होते. यूव्हीचा दिवा निळा दिसत असला तरी वर्षभरात त्याचा जोर कमी होतो. मेम्ब्रेन मात्र तारखेवरून बदलू नका. आमच्याकडे सर्व्हिसवाला तेराव्या महिन्यातच नवी टाकायला निघाला होता. मी कॅलेंडरवर दर महिन्याला आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस लिहितो, ते दाखवल्यावर थांबला. तीच मेम्ब्रेन पुढे दीड वर्ष चालली. आत तेवढाच आणि बाहेर दुप्पट झाला, की समजा ती थकली.

वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासला वापरा. कुंड्यांना नको, टँकरच्या दिवसांत त्याचा टीडीएस ८५० च्या आसपास जाईल.

वाडीवरची
ग्रामपंचायतीत पाण्याचं काम पाहते. फिल्टर घ्याच, पण सोसायटीची टाकी धुऊन घ्या आणि ओटी टेस्टची बाटली आणा. चार थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. झालं नाही तर टाकीत क्लोरीन उरलेलं नाही, लगेच सेक्रेटरींना सांगा. तुमचं एक घर सुटेल, पण त्याच टाकीचं पाणी खालच्या वॉचमनच्या घरीही जातं.

ओंजळ
डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ठीक आहे. मशीन बसलं. पहिल्या दोन टाक्या ओतून दिल्या. ६४० चे ३८ झाले, स्क्रू कुठे आहे ते पाहून घेतलं. रिपोर्ट लिफ्टशेजारी लावलाय, काका टँकर बदलताहेत. वॉचमनदादांकडे रोज दोन कळशा आमच्याकडून जातात. एक राहिलं : प्री-फिल्टरचा पाना कुठल्या बाजूला फिरवू? फार घट्ट आहे.

पाणाडी
आधी नळ बंद करा आणि वरचं लाल बटण दाबून प्रेशर सोडा, नाहीतर हलणार नाही. मग खाली वाकून बाउलच्या तळाकडे पाहत घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. रबरी रिंग पुसून जागेवर बसवा आणि परत लावल्यावर खाली कोरडा कागद ठेवून रात्रभर बघा.