पीएच.डी. झालेल्या परिचारिकेने रुग्णालयात नावाआधी 'डॉ.' लावावे का?

पाठ्यनिर्देशिका, पुणे : मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची नर्सिंगमधील पीएच.डी. मला नुकतीच मिळाली. महाविद्यालयातील दारावरच्या पाटीवर 'डॉ.' लागले, त्याला कोणी हरकत घेतली नाही. परंतु विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात जाताना ओळखपत्रावरही ते असावे का, यावर सहकाऱ्यांत तीव्र मतभेद आहेत. कष्टाने मिळवलेली पदवी लपवावीशी वाटत नाही, आणि रुग्णाचा गैरसमज व्हावा असेही वाटत नाही. कृपया मते कळवावीत.

निवृत्त अधिसेविका (मेट्रन) : मनःपूर्वक अभिनंदन. डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या नावाआधी 'डॉ.' होते, एनसीएलमधील (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील) कितीतरी शास्त्रज्ञांच्या नावाआधी आजही असते, आणि त्यांपैकी कोणालाही ते का लावता असे कोणी विचारत नाही. मग शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), जंतुसंसर्ग किंवा वेदनाव्यवस्थापन यांवर संशोधन करणाऱ्या परिचारिकेलाच हा प्रश्न का विचारला जावा? परिचारिका म्हणजे सांगितलेले काम करणारी बाई, ही समजूत त्यामागे आहे, आणि माझ्या सेवाकाळात मी ती फार जवळून पाहिली आहे. आपण 'डॉ.' अवश्य लावावे.

शल्यचिकित्सक, कोथरूड : मॅडमच्या पदवीबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि अधिसेविकाबाईंनी सांगितलेली समजूत आमच्या व्यवसायात आहे हेही मी मान्य करतो. तरीही एनसीएलमधील शास्त्रज्ञ रुग्णाच्या खाटेशी उभे नसतात, हा फरक मला निर्णायक वाटतो. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढलेला नातेवाईक 'डॉक्टर काय म्हणाले' हे धरून शस्त्रक्रियेला संमती द्यायची की नाही ते ठरवतो. त्या क्षणी समोरची व्यक्ती उपचारांचा निर्णय घेणारी आहे की नाही, हे त्याला निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. अमेरिकेत नर्सिंगमध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या अनेक परिचारिका थेट रुग्णसेवा करतात, त्यामुळे तेथे हा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. कॅलिफोर्नियात 2022 मध्ये स्वतःला 'डॉक्टर' म्हणवणाऱ्या अशा एका परिचारिकेला सुमारे 20 हजार डॉलर भरावे लागले.

फिजिओथेरपिस्ट : आपल्याकडे नियमच डळमळीत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. आमचा मुद्दा वेगळा आहे, कारण आम्ही पीएच.डी.च्या आधारे ते मागत नाही. आपली पदवी मात्र विद्यापीठाने दिलेली डॉक्टरेटच आहे, त्यामुळे आपला दावा आमच्याहून भक्कम आहे.

एका रुग्णाची मुलगी : आईच्या आजारपणात पांढऱ्या कोटातली प्रत्येक व्यक्ती आम्हाला डॉक्टरच वाटत असे, आणि ओळखपत्रावरची बारीक अक्षरे तिला वाचताही येत नसत. तुम्ही 'डॉ.' लावा अथवा लावू नका, पण 'परिचारिका' हा शब्द नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, मराठीत असू द्या, आणि खाटेजवळ आल्यावर तो तोंडानेही सांगा.

पाठ्यनिर्देशिका, पुणे : सर्वांचे आभार. शोधनिबंधांवर आणि महाविद्यालयात मी 'डॉ.' लावीन. वॉर्डातील ओळखपत्रावर आधी मोठ्या अक्षरांत 'परिचारिका', मग नाव आणि त्याखाली 'पीएच.डी., नर्सिंग' असा मजकूर असावा, असे प्राचार्यांना लेखी सुचवते. विद्यार्थिनी रुग्णांसमोर मला 'डॉक्टर मॅडम' म्हणतात. ते उद्याच्या पाळीपासूनच थांबवीन.